खडीर बेटावर शनिवार-रविवार: भुजहून रण ओलांडून धोलावीराला

खडीर हे बेट आहे, पण तिथे जायला होडी लागत नाही. कच्छच्या मोठ्या रणात पच्छम, खडीर, बेला आणि चोराड असे जमिनीचे उंचवटे आहेत. पावसाळ्यात रणात पाणी भरलं की ते पाण्याने वेढले जातात आणि पाणी आटलं की मिठाने. खडीरच्या वायव्य कोपऱ्यात धोलावीरा या हडप्पाकालीन शहराचे अवशेष आहेत. पूर्वी भुजहून तिथे जायचं तर भचाऊ आणि रापरवरून सुमारे २२० किलोमीटरचा वळसा पडायचा. घडुली-सांतलपूर महामार्गाचा खावडा ते धोलावीरा हा तुकडा तयार झाल्यापासून ते अंतर १३५ किलोमीटरच्या आसपास आलं. त्यातला रणाच्या पोटातून जाणारा साधारण ३० किलोमीटरचा सरळ बांध म्हणजेच रील्समध्ये दिसणारा ‘रोड टू हेवन’.

त्या रीलपायीच बहुतेकांची सहल बिघडते. लोक पांढऱ्या रणाजवळच्या धोरडोहून सकाळी निघतात, रस्त्यावर तासभर फोटो काढतात, धोलावीरा भर उन्हात अर्ध्या तासात उरकतात आणि अंधाराच्या आत परतण्यासाठी गाडी पळवतात. तसं करू नका. बेटावर एक रात्र मुक्काम करा. खालचं सगळं वेळापत्रक हेच धरून आखलं आहे.

कधी जायचं

ऑक्टोबर अखेर ते मार्चचा पहिला आठवडा. या काळातही रण एकसारखं दिसत नाही. पाऊस चांगला झाला असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं, पक्षी असतात, पण पांढरं मीठ कमी दिसतं. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी आटून मीठ उघडं पडतं. मुक्कामाच्या जागी फोन कराल तेव्हा थेट विचारा, ‘सध्या पाणी आहे की मीठ?’ म्हणजे तिथे पोचल्यावर हिरमोड होत नाही. जुलै ते सप्टेंबर हा बेत नकोच, कारण जोराच्या पावसात रस्त्यावर पाणी येतं, कडा खचतात आणि वाहतूक बंद होते. मार्चच्या मध्यानंतर ऊन असह्य असतं आणि धोलावीराच्या अवशेषांत सावली जवळजवळ नाहीच.

पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात खोल्या महिना-दीड महिना आधीच संपतात. चांदण्यातलं रण सुंदर असतं यात वाद नाही, पण गर्दी नको असेल तर अमावास्येच्या जवळचा आठवडा धरा. बेटावर उजेड इतका कमी आहे की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मुंबईहून गाडी घेऊन निघू नका

मुंबई-भुज हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या पुढे जातं. दोन दिवसांच्या सहलीत त्यातच दीड दिवस संपतो. शुक्रवारी कच्छ एक्सप्रेस किंवा सयाजीनगरी पकडली की शनिवारी सकाळी भुज येतं. रविवारी रात्रीच्या गाडीने निघालात की सोमवारी दुपारपर्यंत मुंबई. म्हणजे शुक्रवारी अर्धा दिवस आणि सोमवारी रजा लागणारच. थंडीत या गाड्यांची तिकिटं लवकर भरतात, म्हणून आधी रेल्वे, मग खोली, मग गाडी या क्रमाने बुकिंग करा. उलटं केलं की खोलीचे पैसे अडकतात.

भुजमध्ये दोन प्रकारे गाडी मिळते. चालकासह टॅक्सी घेतलीत तर चालकाचा रात्रीचा भत्ता, त्याची झोपायची सोय आणि रोजचे किमान किलोमीटर आधीच ठरवून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडतं, पण नाक्यावर अडवलं किंवा अपघात झाला तर विमा हात वर करतो. एसयूव्हीसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. सगळा रस्ता डांबरी आहे आणि डांबर सोडून गाडी कुठेही न्यायची नाही (का, ते पुढे येतंच). चौघांना बऱ्या डिकीची हॅचबॅक पुरते. पाच-सहा जण असाल तर दोन छोट्या गाड्यांपेक्षा एक मोठी बरी, कारण रणात फोन लागत नाही आणि दोन गाड्यांची चुकामूक झाली की शोधाशोधीत तास जातो.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. त्याहून महत्त्वाचं, स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक, पाना जागेवर आहेत का ते स्वतः उघडून बघा. भुज-खावडा वाटेवरच्या बन्नीच्या माळावर गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, सगळीकडे पसरली आहे. गाडी फोटोसाठी दोन मिनिटं कडेला घेतली तरी तिचा काटा टायरात जातो. ट्यूबलेस टायर लगेच बसत नाही, हवा रात्रभर हळूहळू जाते आणि चपटं चाक सकाळी दिसतं. काटा दिसला तर उपटू नका. तो आत असेपर्यंत गळती कमी असते. हवा तपासत गाडी पंक्चरवाल्यापर्यंत न्या.

भुज सोडण्याआधी

पेट्रोलची टाकी पूर्ण भरा. हिशेब असा: जाणं-येणं २७०, वाटेतल्या काळो डुंगर या टेकडीचा फाटा ५०, बेटावरचं फिरणं ५०, म्हणजे एकूण ३७० किलोमीटर. लिटरला १४ धरलं तर २६-२७ लिटर. पण परतताना रण-रस्ता बंद निघाला आणि रापरवरून फिरावं लागलं तर हाच आकडा साडेचारशेच्या पुढे जातो आणि ३५ लिटरची टाकी तळाला लागते. रापरला पंप आहेत, तिथे थोडं टाकून घ्या. खावडा सोडल्यावर बेटावर पंपाचा भरवसा धरू नका.

रोख रक्कमही भुजलाच काढा. नेटवर्क नसेल तिथे यूपीआय चालत नाही, आणि चहाच्या टपरीवर दोन हजारांचं बिल होत नसल्याने शंभर-पन्नासच्या नोटा हव्यात. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र असू द्या, कारण हा सीमेजवळचा भाग आहे आणि तपासणी होऊ शकते. वाटेत धोरडोच्या पांढऱ्या रणातही जायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा, तो ऑनलाइन किंवा वाटेवरच्या भिरंडियारा गावापाशी मिळतो. ड्रोन घरीच ठेवा.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने घ्या. चौघांना दोन दिवसांचे ३२ लिटर म्हणजे २० लिटरचा एक जार आणि एक-एक लिटरच्या बारा बाटल्या. जास्त वाटेल, पण मिठाने माखलेले पाय आणि गाडीची काच धुवायलाही हेच पाणी लागतं. बाकी डिकीत जाडजूड स्वेटर, टोपी, गॉगल, ओठांना लावायचं मलम, टॉर्च, जुन्या चपला आणि दोन मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या.

आणि मित्रांच्या टोळक्यासाठी खास सूचना: गुजरातमध्ये दारूबंदी आहे. दमणहून ‘फक्त एक’ बाटली आणली तरी तो गुन्हा आहे, गाडी जप्त होऊ शकते आणि ती भाड्याची असते.

शनिवार: भुज ते खडीर

नऊपर्यंत भुज सोडा. खावड्यापर्यंतचे सत्तरएक किलोमीटर सरळ आणि सपाट आहेत, पण खावड्याजवळ अक्षय ऊर्जेचा प्रचंड प्रकल्प उभा राहत असल्याने अवजड ट्रकांची वर्दळ असते. एकामागे एक तीन ट्रक असतील तर एका दमात ओव्हरटेक करायला जाऊ नका. म्हशी तर कुठूनही रस्त्यावर येतात. बन्नीची म्हैस हॉर्नला दाद देत नाही, थांबावंच लागतं.

भिरंडियाराला चहा आणि ताजा मावा घ्या. दुधाचा मुलूख असल्याने मावा खरंच चांगला असतो.

खावड्याहून उत्तरेला काळो डुंगर. उंची सुमारे ४६० मीटर, कच्छमधली सर्वांत उंच जागा. वर दत्तात्रेयाचं देऊळ आहे, त्यामुळे मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. दुपारच्या आणि संध्याकाळच्या आरतीनंतर पुजारी खालच्या ओट्यावर भात-गुळाचा प्रसाद ठेवून कोल्ह्यांना हाक देतात. कोल्हे रोज येतातच असं नाही, गर्दी आणि गोंगाट असेल तर हमखास येत नाहीत. दुपारच्या आरतीला पोचायचं तर साडेअकरापर्यंत वर असायला हवं. जेवणही देवस्थानच्या प्रसादात होऊन जातं.

उतरताना एका ठिकाणी गाड्या थांबलेल्या दिसतील. तिथे गाडी न्यूट्रलला टाकली की चढाकडे आपोआप जाते म्हणतात. तो नजरेचा भ्रम आहे, आजूबाजूच्या उतारामुळे उताराचा रस्ता चढ वाटतो. गंमत करायची तर करा, पण इंजिन बंद करून नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंग जड होतं. घाटात ते जिवावर बेततं.

अडीचपर्यंत खावड्याकडे उतरून धोलावीराचा रस्ता धरा. ही वेळ मुद्दाम सांगतो आहोत. रण-रस्ता साधारण पश्चिमेकडून पूर्वेला जातो. दुपारी खडीरकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, समोरचं मीठ आणि पाणी स्वच्छ दिसतं. हाच रस्ता उलट दिशेने चारनंतर धरला तर सूर्य थेट काचेवर आणि मिठाची चकाकी दोन्ही बाजूंनी. समोरून येणारी मोटारसायकल अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

रण-रस्त्यावर काय करायचं आणि काय नाही

रस्ता सरळसोट असल्याने वेग आपोआप वाढतो. काटा साठच्या आसपास ठेवा. वारा आडवा येतो, हलकी गाडी ढकलली जाते आणि कोणीतरी रस्त्याच्या मधोमध ट्रायपॉड लावून उभा असतोच.

थांबायचं कसं, हे नीट समजून घ्या. रस्ता बांधावर आहे. डांबर संपलं की थोडा मुरूम आणि मग उतार. दोन चाकं डांबराखाली उतरवून गाडी तिरकी उभी केली की मुरूम दबतो आणि गाडी घसरू लागते. जिथे कडा रुंद आणि टणक दिसते, आधीच्या चाकांच्या खुणा आहेत, तिथेच थांबा. धोक्याचे दिवे लावा, हँडब्रेक ओढा आणि उतरायचं ते रणाच्या बाजूच्या दारांतूनच. रस्त्यावर झोपून काढायचा तो प्रसिद्ध फोटो विसरा. ही चालती वाहतूक आहे.

मिठावर पायी जा, गाडीने नाही. रण समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आहे. पावसाचं आणि समुद्राकडून येणारं पाणी इथे साचतं, उन्हाने आटतं आणि वर मिठाचा थर उरतो. थर कुठे बोटभर जाड, कुठे नुसता पापुद्रा. त्याखालची काळी माती वर्षभर ओली राहते. वरून पांढरंशुभ्र आणि टणक दिसतं, माणसाचं वजन बहुतेक जागी पेलतं, पण टनभर गाडीचं चाक पापुद्रा फोडून खाली जातं. ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरून खड्डा खोल करतं आणि दोन मिनिटांत गाडीचं पोट मातीला टेकतं. फोर-व्हीलचा इथे उपयोग नाही, चारही चाकं एकाच चिखलात असतात. मग ट्रॅक्टर शोधा, आणि आलेला ट्रॅक्टरही बांधावर उभा राहूनच दोर टाकणार. शिवाय मोठ्या रणाचा बराच भाग अभयारण्य आहे, वनखात्याची कारवाई वेगळी.

पायी जातानाही पांढऱ्यावर चाला, करड्यावर नाही. करडा किंवा ओलसर चमकणारा रंग म्हणजे खाली चिखल. पुढे टाच आपटून बघा. ‘ठक्’ आवाज आला तर पुढे जा, ‘पचक’ आला तर मागे फिरा. अनवाणी चालणं फोटोत छान दिसतं, पण मिठाच्या कडा काचेसारख्या कापतात आणि त्या जखमेत मीठच जातं. जुन्या चपला त्यासाठीच. रस्त्यापासून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जाण्यात तसंही काही हशील नाही, सगळीकडे तेच दिसतं. फ्लेमिंगो दिसले तर जवळ जाण्याचा प्रयत्न करू नका. थवा उडाला की त्यांचं खाणं थांबतं आणि तुमचा फोटोही पाठमोराच येतो. दुर्बीण असेल तर गाडीतूनच बघा.

मुक्काम

बेटावर सरकारी तोरण रिसॉर्ट, काही खाजगी रिसॉर्ट, तंबू आणि गावातली घरगुती सोय आहे. गोल मातीच्या भुंग्यात (पारंपरिक कच्छी घरात) राहायला मिळालं तर ते घ्या. जाड भिंतींमुळे डिसेंबरच्या रात्री तो तंबूपेक्षा पुष्कळ उबदार असतो. तंबूत पहाटे थंडी हाडांत शिरते, जादा रजई आधीच मागून ठेवा. जेवण शाकाहारी: बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, कढी-खिचडी, गूळ-तूप, ताक. किती जण जेवणार ते दुपारीच फोनवर सांगा. आठ वाजता अचानक सहा माणसं उभी राहिली तर गावातल्या चुलीवर पीठ मळण्यापासून सुरुवात होते.

पाचपर्यंत पोचलात तर सूर्यास्त पदरात पडतो. डिसेंबरच्या मध्यावर तो सहाच्या जरा पुढे होतो, जानेवारीअखेर साडेसहाला. अंधार पडल्यावर गाडी हलवू नका. रस्त्यावर गुरं आणि नीलगायी असतात.

रविवार: धोलावीरा नीट बघा

सकाळी फाटक उघडताच आत शिरा आणि अडीच ते तीन तास हाताशी ठेवा. आधी फाटकाजवळचं संग्रहालय, मग अवशेष. स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याशिवाय ही जागा म्हणजे दगडांच्या रांगा वाटते आणि लोक वीस मिनिटांत बाहेर येतात. पैसे आधी ठरवा, आणि ‘पाण्याची सगळी व्यवस्था दाखवा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर फेरी बालेकिल्ल्यावरच संपते.

कारण धोलावीराचं मर्म पाण्यातच आहे. हे शहर इसवी सन पूर्व ३००० च्या सुमारास वसलं आणि दीड हजार वर्षं टिकलं, तेही जिथे बारमाही नदी नाही तिथे. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन पावसाळी ओढे. त्यांवर बांध घालून पाणी तटाच्या आतल्या तलावांत वळवलं. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव सत्तर मीटरहून लांब आणि दहा मीटरहून खोल आहे. त्याच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे राहा आणि उतार बघा, म्हणजे पाणी कुठून यायचं ते न सांगता कळतं. दक्षिणेचे तलाव तर खडक कोरून केलेले आहेत. बालेकिल्ल्यावर पावसाचं पाणी वाहून नेणारी दगडी गटारं आहेत, त्यांतल्या मोठ्या गटारात माणूस वाकून शिरेल एवढी जागा आहे.

उत्तर दरवाजाच्या बाजूच्या खोलीत दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला होता. प्रत्येक अक्षर जिप्समच्या तुकड्यांचं, वीतभराहून उंच. लाकडी फळी कुजून गेली, अक्षरं पडल्या जागी राहिली. ती लिपी अजून वाचता आलेली नाही. तिथेच दगडी खांबांचे तुकडे बघा, त्यांची झिलई हाताला अजून गुळगुळीत लागते. जगत्पती जोशींनी १९६०च्या दशकात ही जागा उजेडात आणली, रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली १९९० पासून मोठं उत्खनन झालं आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. जमिनीवर खापरांचे तुकडे पसरलेले दिसतात. एकही खिशात घालू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

त्यानंतर दहाएक किलोमीटरवर जीवाश्म उद्यान. जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके कुंपणात ठेवले आहेत. खरं सांगायचं तर ओंडक्यांना दहा मिनिटं पुरतात. तिथे जायचं ते पुढच्या कड्यासाठी. खाली रण पसरलेलं आणि पावलाखाली खडकांचे थर. कठडा नाही आणि कडेचा दगड भुसभुशीत आहे, तेव्हा टोकापासून दोन मीटर मागेच राहा.

परतीचा रस्ता

एकपर्यंत जेवून निघा, म्हणजे रण-रस्ता सूर्य खाली येण्याआधी पार होतो आणि साडेचारपर्यंत भुज. निघण्याआधी मुक्कामाच्या मालकाला रस्ता उघडा आहे का ते विचारा. अवकाळी पाऊस झाला असेल किंवा काम चालू असेल तर अमरापर, बालासर, रापर, भचाऊ असं जा. वळसा धरून साडेपाच तास. चालकासह टॅक्सी असेल आणि या मार्गाने यावं लागलं, तर भुजला न जाता गांधीधामला रेल्वे पकडता येते का ते तिकीट काढतानाच बघून ठेवा. बोर्डिंग स्टेशन गाडी सुटण्याच्या दिवशी बदलायला गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

भुजला वेळ उरला तर दाबेली खा, पण स्मृतीवन संग्रहालय तासाभरात उरकायला जाऊ नका, त्याला अर्धा दिवस लागतो.

गाडी परत करण्याआधी वॉशिंगवर नेऊन खालची बाजू आणि चाकांच्या कमानी साध्या पाण्याने धुवून घ्या. मीठ पत्र्याला गंज आणतं, आणि पायपुसणीखाली पांढरी भुकटी दिसली की मालकाला वाटतं गाडी रणात उतरवली होती. मग अनामत रक्कम परत मिळवताना वाद होतो. धुतल्याची पावती जपून ठेवा, परतीचाही व्हिडिओ काढा आणि अनामत खात्यात जमा झाल्याशिवाय स्टेशनकडे वळू नका.